अडगावचा साहेब आणि आपली पाटी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. मिलमधला साधा कामगार. पाळी सुटली की वाचनालयात बसायचो, हाती लागेल ते वाचायचो. आज एका इंग्रज साहेबाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, विहारात साहेबाचं काय काम? ऐकून तर घ्या.

आपल्या हिवरखेडजवळच्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रजांची शिंदे-भोसल्यांशी मोठी लढाई झाली. जनरल वेलस्लीसोबत तेव्हा चोवीस वर्षांचा एक पोरगा होता. नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. काम वकिलीचं, म्हणजे दरबारांशी बोलणी करण्याचं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. १८०४ मध्ये हाच पोरगा नागपूर दरबारी रेसिडेंट झाला.

पुढे १८०८ मध्ये तो काबूलच्या शहाकडे वकील म्हणून निघाला, त्या मुलखावर १८१५ मध्ये ग्रंथ काढला. १८१७ च्या लढाईत पुण्याची रेसिडेन्सी जळाली, त्यात त्याची पुस्तकं खाक झाली. १८४१ मध्ये त्यानं हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. माणूस अभ्यासू होता, हे मान्य केलंच पाहिजे.

पण बंधूंनो, खरी गोष्ट पुढे आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला आपल्या माणसांनी रक्त सांडलं, पेशवाई बुडाली. १८१९ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि शिक्षणाचं धोरण ठरवू लागला. तेव्हा त्यानं काय लिहिलं? खालच्या जातीची मुलं शिकण्यात सर्वांत पुढे असतात, असं मिशनरी सांगतात. पण त्यांना खास उत्तेजन देताना सांभाळून. विद्या आधी त्यांच्यात रुजली, तर वरचे लोक ती घेणार नाहीत!

म्हणजे पोरं हुशार आहेत हे साहेबाला ठाऊक होतं. तरी दार लोटलं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश मिळाला नाही आणि सरकारनंही हात वर केले. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी हे सारं पुराव्यानिशी मांडलं.

आणि गंमत पाहा! बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून, आणि पुढे बी. ए. झाले तेही एल्फिन्स्टन कॉलेजातून. ज्याच्या लेखणीनं दार लोटलं, त्याच्याच नावाच्या दारातून आमचा बाप आत गेला.

म्हणून सांगतो, राज्य कोणाचंही असो, मेहेरबानीवर विसंबू नका. विहारात नुसती मेणबत्ती लावून घरी जाऊ नका. संध्याकाळी तासभर पोरापोरींना इथं अभ्यासाला बसवा. ज्याला चार अक्षरं येतात त्यानं ती दुसऱ्याला शिकवावी. अडगावचं रान आपल्या शेजारीच आहे; तिथून जाल तेव्हा लेकरांना ही हकिकत जरूर सांगा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!