घर दाखवण्याआधी

गावात एखादं घर विकायला निघालं, की त्याची जाहिरात द्यावी लागत नाही. पारावर, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या ओसरीवर बातमी आपोआप पोहोचते. मग कुणीतरी कुणाला म्हणतं, "चला, मी दाखवतो." आजचं माझं बोलणं या 'मी दाखवतो' म्हणणाऱ्या माणसासाठी आहे. तो दलाल असेल, नातलग असेल, शिक्षक असेल, किंवा माझ्यासारखा हौशी प्राध्यापकही असेल.

काही वर्षांपूर्वी मी असंच एक घर दाखवलं. घेणारे माझ्या ओळखीचे गुरुजी, निवृत्तीला आलेले. विकणारे गृहस्थ शेजारच्या गावचे, दुकानात खोट आलेली. मी सहज विचारलं, "कर्जबिर्ज नाही ना?" ते म्हणाले, "थोडंफार आहे. व्यवहार झाला की फेडून टाकतो." मला ते पटलं. घर छान होतं. पुढे अंगण, मागे विहीर. गुरुजींच्या पत्नीने देवघर कुठे करायचं तेही ठरवून टाकलं. दोन लाख रुपये विसार दिला. नंतर कागद पाहिले तेव्हा कळलं, की घर बँकेकडे गहाण आहे, शिवाय पतसंस्थेचं देणं आहे, आणि दोन्ही मिळून घराच्या किमतीहून जास्त होतात. बँकेची नोटीसही आमच्याआधीच येऊन पडलेली. विसाराचे पैसे तोवर खर्च झाले होते. निम्मे परत मिळायला दोन वर्षं लागली. गुरुजी मला एकदाच म्हणाले, "सर, तुम्ही दाखवलंत म्हणून मी काही विचारलं नाही."

घर दाखवणं म्हणजे नुसती वाट दाखवणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. दाखवणाऱ्याची पत त्या घरामागे उभी राहते. म्हणून आधी तपास, मग दाखवणं. या तपासाचे प्रश्न चार.

पहिला प्रश्न: विकणारा मालक आहे का, आणि तो एकटाच आहे का? गावठाणातल्या घराला सहसा सातबारा नसतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे करतात. पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. खरेदीखत, वाटणीपत्र, मिळकत पत्रिका पाहा. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाल्यापासून अनेक गावठाणांची मोजणी होऊन अशा पत्रिका मिळाल्या आहेत. भावाबहिणींचा हिस्सा आहे का, तेही विचारा.

दुसरा प्रश्न: कर्ज किती, आणि कुणाकुणाचं? मूळ खरेदीखत मागा. नुसती झेरॉक्स हाती आली, तर मूळ कागद कुणाच्या कपाटात आहे ते शोधा. कारण कागद ठेवून घेऊनही घर गहाण पडतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची क्रमांक दोन पाहता येते. देशभरच्या गहाणांची एक केंद्रीय नोंदवहीही २०११ पासून आहे. थोडी फी भरून ती संगणकावर पाहता येते. पण सगळीच देणी तिथे सापडतील असं नाही. म्हणून मालकाला बरोबर घेऊन बँकेत आणि पतसंस्थेत जा, आणि बाकीचा आकडा लेखी घ्या.

तिसरा प्रश्न बेरीज-वजाबाकीचा. समजा, घराची किंमत वीस लाख. बँकेचे पंधरा आणि पतसंस्थेचे आठ मिळून देणं तेवीस लाख. मधले तीन लाख कोण भरणार? एक तर मालकाने दुसरीकडून आणावेत, नाहीतर धनकोने सोडून द्यावेत. ही अडचण आपल्याच गावची नाही. अमेरिकेत २००७-०८ च्या सुमारास घरांच्या किमती कोसळल्या, तेव्हा लाखो घरांवरचं कर्ज त्यांच्या किमतीहून जास्त झालं. धनकोच्या संमतीने कर्जाहून कमी किमतीत घर विकणं, याला तिथे 'शॉर्ट सेल' म्हणतात. तिथला जाणता मध्यस्थ गिऱ्हाइकाला घरात नेण्याआधी पाहतो, की धनको किती आहेत आणि सगळे कमी रकमेवर राजी आहेत का. एकजण अडला, तरी व्यवहार अडतो. आपल्याकडे बँका एकरकमी तडजोड करतात. तिचं पत्र हाती येईपर्यंत विसाराचं नाव काढू नका.

चौथा प्रश्न: नोटीस आली आहे का? २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक थकबाकीदाराला साठ दिवसांची नोटीस देते. ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही. पतसंस्थांचा रस्ता निराळा. त्या १९६० च्या सहकार कायद्याखाली वसुली दाखला मिळवतात. तोही विचारून घ्या.

हे सगळं जुळलं, तर खुशाल घर दाखवा. मात्र घेणाऱ्याने कर्जाची रक्कम परस्पर कर्जखात्यातच भरावी, आणि बेबाकी दाखला व मूळ कागद हाती घ्यावेत. मालमत्तेतले दोष विकणाऱ्याने सांगितले पाहिजेत, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो हे खरं. पण कोर्टाची पायरी चढून मिळालेला न्याय गुरुजींसारख्यांना फार महाग पडतो.

शेवटी विकणाऱ्याविषयी. ते गृहस्थ लबाड नव्हते. चार माणसांत कर्जाचा आकडा सांगायची त्यांना लाज वाटली, आणि मीही अंगणात, सगळ्यांसमोर विचारलं. एकांतात बसून, चहा घेत, कागद समोर ठेवून विचारलं असतं, तर ते बोलले असते. मग मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो असतो. कदाचित तडजोड झाली असती, आणि गुरुजींचं देवघरही झालं असतं.

गावात कागद वाचून घ्यायला माणसं आजही शिक्षकांकडे येतात. म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हाला विशेष सांगणं आहे. उद्या कुणी "घर दाखवता का?" म्हणून आलं, तर नाही म्हणू नका. "परवा या" म्हणा, आणि मधला एक दिवस त्या घराच्या कागदांना द्या.