आधी अंक मोजायला शिका



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. या खुर्चीत बसण्याची आपली योग्यता नाही, असे म्हणायची रीत आहे. ते म्हणून झाले असे समजा. वर्षभरातल्या घडामोडींचा आढावा छापील प्रतीत आहे, प्रत तुमच्या पिशवीत आहे. मला मिळालेला वेळ मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे. ती बरीच वर्षे मनात साठली आहे आणि पुढच्या वर्षी मला कोणी माईक देणार नाही.

नियतकालिके व ई-संसाधनांच्या व्यवस्थापनाचे प्राथमिक प्रशिक्षण म्हणून आपण जे चालवतो, ते प्रशिक्षण नाही, जाहिरात आहे. कुठल्याही कार्यशाळेची पत्रिका काढून बघा. पहिले सत्र प्रकाशकाच्या प्रतिनिधीचे, दुसरे डेटाबेसवाल्याचे, तिसरे सॉफ्टवेअरवाल्याचे, मध्ये चहा, शेवटी प्रमाणपत्र. दुकानदाराकडेच घासाघीस शिकायला जाण्यातला हा प्रकार. मुले तिथून सर्च करायला शिकून येतात. करार वाचायला शिकत नाहीत. पैसे कशाचे भरले, ते हाती आले का, आले नसेल तर कोणाला आणि कधीपर्यंत विचारायचे, वर्गणी थांबवली तर मागची वर्षे आपल्याकडे राहतात की तीही जातात, यातले काहीही त्या पत्रिकेत नसते. नियतकालिक विभागाचे सगळे काम म्हणजे एवढेच आहे.

आपल्या वार्तापत्रातून वर्षभर वाद चालला आहे की कार्डेक्स, म्हणजे आलेले अंक नोंदवायची कार्डे, आता अभ्यासक्रमातून काढावे. तरुण मित्रांनी जोरात लिहिले आहे. त्यांना मी एक हकिकत सांगते.

२००० सालच्या आगेमागे काही परदेशी प्रकाशक छापील वर्गणीबरोबर ऑनलाइन प्रत फुकट देऊ लागले. ती चालू करायला ग्राहक क्रमांक लागायचा, आणि तो असायचा अंकाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर चिकटवलेल्या पत्त्याच्या चिठ्ठीवर. बहुतेक ग्रंथालयांत वेष्टन फोडले की ते थेट केराच्या टोपलीत जाई. आमच्याकडचे शिपाईमामा मात्र प्रत्येक नियतकालिकाची एक चिठ्ठी कापून कार्डेक्सच्या कार्डामागे डकवून ठेवत. वर्गणी कधी संपते तेही त्यावर छापलेले असते, हे त्यांनी आपणहून हेरले होते. एका दुपारी मी आणि मामा कार्डांचे ट्रे घेऊन बसलो, ते आकडा वाचत आणि मी टंकत, आणि सगळी नियतकालिके चालू झाली. आमच्याहून चांगले संगणक असलेले शेजारचे महाविद्यालय वर्षअखेरपर्यंत एजंटाला पत्रे लिहीत होते आणि एजंट ‘कळवतो’ म्हणत होता. मामा सातवी शिकलेले होते. अभ्यास मंडळाने वाटल्यास याची नोंद घ्यावी.

तरुण मित्रांचा दुसरा मुद्दा, सॉफ्टवेअर सगळे सांभाळते. सांभाळते, पण त्याला आधी सांगावे लागते. एका वर्गात मी एका मराठी मासिकाचे वर्षभराचे अंक टेबलावर ठेवले आणि नोंदी करायला सांगितल्या. एम.लिब. झालेली, नेट उत्तीर्ण, हुशार मुलगी. दिवाळी अंकानंतर एकदम डिसेंबरचा अंक हाती आला, तेव्हा तिने नोव्हेंबरपुढे ‘अप्राप्त’ लिहिले आणि संपादकांना पाठवायच्या स्मरणपत्राचा मसुदाही केला. मुखपृष्ठावर ऑक्टोबर-नोव्हेंबर असे ठळक छापलेले होते. दिवाळीचा जोडअंक घरोघरी वाचला जातो, पण तो नोंदवायचा कसा हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये मासिक म्हणजे वर्षाला बारा अंक असे भरून मोकळे झालात, तर तेही दर नोव्हेंबरला हाच अंक हरवला म्हणून ओरडत राहील. आणि एप्रिलचे त्रैमासिक ऑगस्टात येणे ही आपल्याकडे तक्रार नसते, परंपरा असते. हेही शिकवावे लागते.

ई-संसाधनांत हेच काम निराळ्या वेषात येते. डिसेंबरची शीर्षकयादी आणि जानेवारीची यादी शेजारी ठेवून बघायचे. नियतकालिके प्रकाशक बदलतात, जुनी वर्षे एका मंचावर राहतात आणि नवी दुसरीकडे जातात. वीस शीर्षके घ्या, प्रत्येकाच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षातला एकेक लेख उघडून बघा. सारांश दिसतो म्हणजे लेख मिळाला असे नव्हे.

एका महाविद्यालयात मी पाहणीला गेले होते. बिले, पावत्या, प्रमाणपत्रे, सगळे फायलीत नीट लावलेले, नॅकला दाखवण्याजोगे. मी म्हटले, एखादा लेख उघडून दाखवा. उघडेना. इंटरनेट पुरवणारी कंपनी जूनमध्ये बदलली होती आणि प्रकाशकाकडे आयपी क्रमांक जुनाच होता. मी गेले तेव्हा फेब्रुवारी चालू होता. प्राचार्य अभिमानाने म्हणाले, ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही.’ वापराचा अहवाल काढला असता, तर पहिल्याच महिन्यात शून्य दिसले असते. काउंटर नावाचे मानक २००२ पासून आहे ते यासाठीच. किती लेख उघडले गेले आणि किती वाचकांना दारातून परत जावे लागले, दोन्ही त्यात कळते. आपण त्यातली पहिली बेरीज तेवढी वार्षिक अहवालात टाकतो.

पैशांचे तर बोलायलाच नको. प्रोफॉर्मा बिल, किमतीचा पुरावा, जीओसीचा (गुड ऑफिसेस कमिटीचा) विनिमय दर, एजंटाला आगाऊ रक्कम देताना घ्यायची हमी, हे शब्द नव्या ग्रंथपालांना पहिल्या ऑडिटच्या दिवशी कळतात. स्वेट्स ही १९०१ सालची डच कंपनी, जगभरातल्या ग्रंथालयांची वर्गणी प्रकाशकांपर्यंत पोचवणारी. सप्टेंबर २०१४ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि ज्यांनी पुढच्या वर्षाची रक्कम आधीच भरली होती ते हात चोळत बसले. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतल्या रोकॉम कंपनीने हेच दाखवले होते. आपल्या किती वर्गांत ही नावे घेतली जातात?

आता सगळ्यांच्या ओठावर वन नेशन वन सब्स्क्रिप्शन ही नियतकालिकांची एकत्रित वर्गणी केंद्राने भरण्याची योजना आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्था. चांगले झाले, मी त्याच्या विरोधात नाही. पण याच सभागृहात लोक म्हणत आहेत की आता ग्रंथपालाला या कामात काही उरले नाही. २०१० मध्ये महाविद्यालयांना ई-संसाधने देणारी एन-लिस्ट योजना आली तेव्हाही हेच ऐकले होते. त्यानंतरच माझ्या टेबलाशी प्राध्यापकांची रांग वाढली. यादीत नाव आहे आणि पडदा डॉलर मागतो, असे का? कधी वर्ष कराराबाहेरचे असायचे, कधी घरून बघताना लॉगिनच केलेले नसायचे. या योजना चालवणारे कोणी दिल्ली किंवा गांधीनगरहून येऊन ते सांगत नाही. पैसे दुसऱ्याने भरले की आपण मोजणे सोडून देतो, ही माझी खरी भीती आहे. तीन वर्षांनी कोणी विचारले की तुमच्याकडे काय आले, काय वापरले गेले, तर उत्तर कोण देणार?

आणि त्या तेरा हजारांत वाईचे ‘नवभारत’ शोधू नका. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक शोधू नका. ‘भाषा आणि जीवन’ शोधू नका. ही नियतकालिके टपालाने येतात, वर्गणी भरल्याची पावती दोनदा मागावी लागते, एखादा अंक पोस्टात राहतो. तो वेळेत मागितला तर संपादक आनंदाने पाठवतात, दोन वर्षांनी मागितला तर शिल्लक नसतो. मग बांधणीच्या खंडात कोरी चिठ्ठी घालतात. असे कितीतरी खंड मी हाताळले आहेत. पीएच.डी.चा विद्यार्थी तीन जिल्हे फिरतो आणि तिन्ही ठिकाणी नेमका तोच अंक नसतो.

करायचे काय? नमुना करार, नमुना कार्डे आणि स्मरणपत्रांचे मसुदे असलेली एक मराठी हस्तपुस्तिका काढावी. पाच दिवसांचे प्रशिक्षण असावे, त्यातले निदान तीन दिवस चालत्या ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात, आलेले टपाल फोडत. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना निवेदन द्यावे. समिती कोणाची, खर्च कुठून, हे कार्यकारिणी बघेल. कार्यवाहांशी ओझरते बोलणे झाले आहे. विक्रेत्यांना जेवायला जरूर बोलवा, सत्र देऊ नका.

या अर्थाचा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी आपल्या ग्रंथालयाची गेल्या वर्षीच्या अप्राप्त अंकांची यादी सोबत आणावी, म्हणजे बोलायला सोपे जाईल.