फाइलच्या डोक्यावर नाव कुणाचं?

आजचा विषय छोटा आहे, पण कोड लिहून गिटहबवर टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा. एखादी फाइल उघडली की वर दोन-चार ओळींची कॉमेंट दिसते: कॉपीराइट, वर्ष, नाव, लायसन्स. आपण ती न वाचताच खाली जातो. मग ती लिहायची कशाला?

प्रोजेक्टमध्ये लायसन्सची वेगळी फाइल असते, मान्य. पण लोक अख्खा प्रोजेक्ट कुठे नेतात? एखादीच फाइल उचलतात. कोड पुढे जातो, लायसन्स मागे राहतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्कासाठी नोंदणीची गरज नसते. म्हणजे फाइलवर काहीच लिहिलेलं नसलं, तरी ती 'कुणाचीही' होत नाही. हेडर असलं की परवानगी फाइलबरोबरच फिरते. लिनक्स कर्नलवाल्यांनीसुद्धा २०१७ मध्ये हजारो फायलींवर लायसन्स सांगणारी एक-एक ओळ चढवली.

आता तीनशे फायलींत हे हाताने कोण लिहिणार? त्यासाठी मी 'ॲडलायसन्स' हे कमांड लाइन टूल वापरतो. गो भाषेत लिहिलेलं आहे, फुकट आहे. डॅश सी पुढे हक्कदाराचं नाव, डॅश एल पुढे लायसन्स, शेवटी फोल्डर. बस्स! पायथनला हॅश, जावाला स्लॅश-स्टार, कॉमेंटची खूण ते स्वतःच निवडतं. शेल स्क्रिप्टची पहिली ओळ पहिलीच ठेवतं. हेडर आधीच असेल, तर त्या फाइलला हात लावत नाही. आणि डॅश चेक दिलं, तर काही न लिहिता फक्त कुठे हेडर नाही तेवढं सांगतं.

पण खरी गोम पुढे आहे. या टूलचा कोड गूगलच्या मालकीचा. त्यामुळे डॅश सी द्यायला विसरलात, तर हक्कदार म्हणून 'गूगल एलएलसी' लिहिलं जातं! तुमचं कॉलेजचं प्रोजेक्ट एका एंटरमध्ये गूगलच्या नावावर. उलटंही होतं. दुसऱ्याची बिनहेडरची फाइल तुमच्या फोल्डरमध्ये पडलेली असेल, तर तिच्यावर तुमचं नाव चढतं. टूलला कॉमेंट कळते, मालक कळत नाही.

म्हणून मी आधी ठरवतो, यातलं माझं काय आणि दुसऱ्याचं काय. दुसऱ्याचे फोल्डर डॅश इग्नोर देऊन वगळतो. चौघांनी मिळून लिहिलं असेल, तर नाव कुणाचं टाकायचं ते चौघांना विचारतो. मग कमांड चालवतो, आणि कमिटआधी गिट डिफ नीट वाचतो.

तुमच्या ग्रुप प्रोजेक्टवर नाव कुणाचं आहे? आज एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!