नगर श्री धर्मराज : राजधानीचा तालुका

थायलंडच्या दक्षिणेस, बँकॉकपासून सुमारे ७८० किलोमीटरवर, नखोन सी थम्मरात या नावाचे शहर आहे. थाई उच्चाराचे आवरण दूर केले म्हणजे आत ‘नगर श्री धर्मराज’ हे शब्द स्पष्ट दिसतात. हे शहर ज्या तालुक्यात आहे त्याच्या नावाआधी ‘मुआंग’ हा शब्द लागतो. मुआंग म्हणजे एके काळी राजा, तट आणि अंकित प्रदेश यांसह असलेले राज्य. आज त्याच शब्दाने जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचा तालुका ओळखला जातो. एका शब्दाच्या अर्थात झालेला हा संकोच हाच या शहराचा इतिहास होय.

शहराची रचना प्रथम पाहिली पाहिजे. पश्चिमेस सुमारे १,८०० मीटर उंचीचा खाओ लुआंग हा पर्वत उभा आहे. पूर्वेस थायलंडचे आखात आहे. या दोहोंच्या मध्ये दक्षिणोत्तर पसरलेला वाळूचा एक लांबट उंचवटा आहे. ती प्राचीन काळची पुळण होय. समुद्र कालांतराने मागे हटला आणि पुळण कोरडी राहिली. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या पावसाने वर्षाखेरीस सखल भातशेते जलमय होतात, तेव्हा वस्तीस हाच आधार असतो. म्हणून शहर रुंदीस थोडे व लांबीस फार वाढले. जुना तट, मंदिरे, विहार आणि बाजार एकाच मुख्य रस्त्याच्या आश्रयाने ओळीने वसले आहेत.

या किनाऱ्यावर ताम्रलिंग नावाचे राज्य होते. राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास केलेल्या सागरी स्वारीतील जिंकलेल्या स्थळांच्या यादीत विद्वान त्याचे नाव ओळखतात. पुढे येथील चंद्रभानू राजाने १२४७ मध्ये थेट सिंहलद्वीपावर स्वारी केली. सिंहलाशी असलेल्या या संबंधाची खूण आजही उभी आहे : महाधातू विहाराचा विशाल स्तूप सिंहली घाटाचा असून त्याच्या शिखरास सोन्याचा मुलामा आहे. त्याच रस्त्यावर ईश्वराचे आणि नारायणाचे अशी दोन लहान ब्राह्मणी देवालये आहेत.

अयुथ्याच्या राजांनी हे राज्य अंकित केले. तरी त्याचा दरारा ओसरला नाही. युरोपीय व्यापारी त्यास ‘लिगोर’ म्हणत, आणि सतराव्या शतकात डच कंपनीची वखारही येथे होती. यामादा नागामासा हा जपानी सरदार १६२९ मध्ये येथे अधिपती म्हणून पाठविला गेला व दुसऱ्याच वर्षी मरण पावला. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली, तेव्हा येथील अधिकाऱ्याने स्वतंत्र राज्य पुकारले. तकसिन राजाने १७६९ मध्ये ते मोडले. परंतु त्याच पुरुषास पुढे पुन्हा येथील सत्तेवर बसविले. दूरच्या प्रांतावर राज्य करावयाचे तर स्थानिक घराण्यावाचून चालत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

हे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुटले. ब्रिटिश आणि फ्रेंच सत्ता सीमेवर येऊन ठेपल्या होत्या. सैल मांडलिकांचा देश एकेका तुकड्याने जाईल अशी भीती होती. १८९२ मध्ये राजपुत्र दामरोंग गृहमंत्री झाले आणि वंशपरंपरागत अधिपतींच्या जागी पगारी अधिकारी आले. १८९६ मध्ये दक्षिणेकडील मुलखाचे एक मंडल बनविण्यात आले. त्यास नाव या शहराचे दिले, कचेरी मात्र सोंगखला येथे ठेवली. नाव राहिले, सत्ता गेली. राजेशाहीचे अनियंत्रित स्वरूप १९३२ मध्ये संपले, १९३३ मध्ये मंडलेही रद्द झाली, आणि १९३८ मध्ये मुख्य ठिकाणच्या अनेक तालुक्यांना सरसकट ‘मुआंग’ हे नाव मिळाले.

आजची व्यवस्था अशी : देशाचे जिल्हे ते ‘चांगवात’, त्यांचे तालुके ‘अम्फो’, त्यांखाली ‘तांबोन’ व अखेर ‘मुबान’ म्हणजे गाव. गावचा मुख्य लोक निवडतात. परंतु त्याच्यावरचा तालुका-अधिकारी आणि जिल्ह्याचा गव्हर्नर हे दोघेही गृहमंत्रालयाने नेमलेले असतात. शहराची नगरपालिका व तिचा नगराध्यक्ष लोकनियुक्त आहेत. प्रांतिक संस्थेचा अध्यक्षही निवडून येतो. तथापि गव्हर्नर निवडण्याचा अधिकार एकट्या बँकॉकच्या नागरिकांस आहे. ज्या नगराने समुद्रापलीकडे स्वाऱ्या पाठविल्या, त्याच्या जिल्ह्याचा प्रमुख राजधानीतून येतो आणि बदलीचा हुकूम आला म्हणजे जातो.

एकीकरणाने थायलंड परकीय दास्यातून वाचला, हे नाकारता येत नाही. परंतु संकटासाठी बांधलेली चौकट संकट टळल्यावरही तशीच ठेवावी काय, हा प्रश्न तेथे पुनःपुन्हा विचारला जातो.

माघ पौर्णिमेस या शहरात एक विधी होतो. शेकडो हात लांब वस्त्र डोक्यावर धरून लोक मिरवणुकीने विहाराकडे जातात आणि ते स्तूपाच्या पायथ्याभोवती गुंडाळतात. नेमलेले अधिकारीही त्यात सामील होतात. परंतु ते बदलून जातात, आणि वस्त्र धरणारी घराणी पुढच्या माघातही त्याच रस्त्याने चालतात.