मोटारीच्या स्टार्टरचे आयुष्य

ज्यांच्या घरी मोटार आहे अशांपैकीही फार थोड्यांनी तिचा स्टार्टर डोळ्यांनी पाहिला असेल. इंजिनाच्या कुशीत, धुळीने आणि तेलाने माखलेला, वीतभर लांबीचा तो एक लोखंडी नळकांड्यासारखा भाग. आपल्याकडे त्याला स्टार्टर तरी कोण म्हणतो? गॅरेजातल्या पोरापासून गाडीच्या मालकापर्यंत सर्वांच्या तोंडी त्याचे नाव ‘सेल्फ’. सेल्फ मारला, सेल्फ उचलत नाही, सेल्फ गेला. या तीन वाक्यांत त्याचे सारे चरित्र येऊन जाते. हा सेल्फ टिकतो किती, आणि त्याच्या जोडीला दुसरा एखादा घरात आणून ठेवावा की नाही, एवढाच प्रश्न आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. प्रश्न किरकोळ वाटेल. पण एका रात्री तो मला फार जड गेला होता. म्हणून आधी ती रात्र सांगतो.

१९९४ सालचा आषाढ. आमचे घर रत्नागिरीस. मध्यरात्रीच्या सुमारास वडिलांच्या छातीत दुखू लागले. बाहेर पावसाची संततधार लागलेली. आमच्याकडे १९७८ सालची अँबॅसडर होती. वडिलांना मागच्या आसनावर निजवले आणि मी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एक आवाज झाला. पुढे काही नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. गाडीचे दिवे मात्र लख्ख जळत होते. तेवढ्यात मागून वडिलांचा क्षीण स्वर आला, “फडताळात दुसरा सेल्फ आहे रे.”

तो होता, हे खरे. १९८२ साली त्यांनी तो मुद्दाम विकत आणून, तेलकट फडक्यात गुंडाळून, वरच्या खणात ठेवला होता. बारा वर्षे त्या खणाने आम्हां सर्वांना निर्धास्त ठेवले. पण मुसळधार पावसात, विजेरीच्या उजेडात, गाडीखाली शिरून तो बसविणार कोण? शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहत. गडबड ऐकून ते धावत आले. त्यांनी डिकीतून हँडल काढले, पुढच्या बाजूच्या भोकातून आत घातले, आणि मला म्हणाले, “किल्ली चालू ठेवा. आणि हे नीट बघून ठेवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली कधी दाबायचे नाही.” दुसऱ्या झटक्याला इंजिन बोलू लागले. वडील वेळेवर रुग्णालयात पोहोचले आणि बरे झाले. त्यानंतर नऊ वर्षे ते आमच्यात होते.

अंगठ्यासंबंधीच्या त्या सूचनेमागे मोठा इतिहास आहे. आरंभीच्या काळात सगळ्याच मोटारींना हँडल मारावे लागे. ठिणगी क्षणभर आधी पडली की इंजिन उलटे फिरे, हँडल हाताला हिसडा देई, आणि मनगटे मोडत. या संकटातून सोडविले ते अमेरिकेतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी त्यांनी दुकानांतील रोकड नोंदविणाऱ्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. त्या यंत्राचा खण उघडावयास जोर लागतो, पण तो क्षणभरच. तेथे त्यांना एक मर्म उमगले होते. जे काम क्षणभराचे आहे, त्यासाठी दिवसभर राबणारी भलीमोठी मोटर नको. लहान मोटरकडूनच क्षणभर तिच्या ताकदीबाहेरचे काम करून घ्यावे, आणि मग तिला विसावा द्यावा. हेच मर्म त्यांनी मोटारगाडीस लावले. १९११ साली ही योजना सिद्ध झाली आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ सालच्या गाड्या तिच्यासह बाजारात आल्या.

स्टार्टरच्या आयुष्याचा सारा उलगडा या एका मर्मात आहे. तो श्रम करण्यासाठी घडविलेलाच नाही. तो झेप घेण्यासाठी घडविलेला आहे. लहान मोटारीचा सेल्फसुद्धा बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो, आणि पहिल्या क्षणी तर त्याहून कितीतरी अधिक. इतका प्रवाह मिनिटभर चालू राहिला तर आतील तारा भाजून निघतील. म्हणून जाणते लोक सांगतात की एका वेळी पाच-सात सेकंद, फार तर दहा. आणि इंजिन न उचलल्यास अर्धा-एक मिनिट थांबून मगच पुन्हा. अधीर माणसाच्या हाती सेल्फ लवकर मरतो, तो असा.

तेव्हा त्याचे आयुष्य वर्षांत मोजणे चुकीचे आहे. ते झेपांत मोजावे. साधारण स्टार्टर तीस हजारांच्या आसपास आरंभ सहज देतो असे धरले, तर दिवसातून चार वेळा गाडी सुरू करणाऱ्याची वर्षाला १,४६० सुरुवाती होतात, आणि त्याचा सेल्फ वीस वर्षे टिकतो. दारोदार माल पोहोचविणारी गाडी दिवसातून चाळीस वेळा सुरू होत असेल, तर तेच भांडवल दोन वर्षांत संपते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. एक म्हणतो, ‘सेल्फ कधी बिघडतच नाही’, दुसरा म्हणतो, ‘सेल्फने जीव खाल्ला’.

शिवाय सेल्फ ‘गेला’ म्हणजे सगळा जातो असे नाही. त्याच्या पोटातील आर्मेचर आणि गुंडाळी बहुधा शाबूत असते. झिजतात ते लहान लहान भाग: फिरत्या तांब्यावर घासणारे कार्बन, आस पेलणारे बुश, आणि ज्यांतून सारा प्रवाह जातो ते सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क. हे भाग बदलणे म्हणजे चपलेला नवा अंगठा लावण्यासारखे आहे. त्यासाठी कोणी जोडा टाकून देत नाही. आपल्या देशात तालुक्याच्या गावीही आर्मेचर भरून देणारा आणि कार्बन बदलून देणारा कारागीर सापडतो.

कित्येकदा तर दोष सेल्फचा नसतोच. बॅटरीच्या टोकावर हिरवट-पांढरा क्षार चढलेला असतो, किंवा इंजिनाला जोडणारी अर्थिंगची तार सैल झालेली असते. त्या सांध्यात एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरच्या प्रवाहात दीड व्होल्ट वाटेतच गळतो. बारांतून दीड गेला की सेल्फ कण्हू लागतो, आणि मालक नव्या सेल्फची किंमत विचारीत सुटतो. म्हणून लक्षणे ओळखावीत. किल्ली फिरविताच दिवे मंदावले तर बॅटरी आणि तारा पाहाव्यात. दिवे तेजस्वी राहून नुसते ‘टक्’ झाले तर संशय सोलेनॉइडवर किंवा कार्बनवर घ्यावा. सेल्फ भरकन फिरतो पण इंजिन हलत नाही, तर त्याचे दात्यांचे चाक अडकलेले किंवा घसरलेले आहे. खरखर ऐकू आली तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते झिजले आहेत. चार सिलिंडरांचे इंजिन बहुधा दोनच जागी थांबते, त्यामुळे रिंगही त्या दोन जागीच अधिक झिजते.

आमच्या अँबॅसडरचे लक्षण दुसरे होते, आणि निदानही तेच निघाले. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीने सेल्फ उतरवून उघडला. कार्बन झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते. बाकी सारे ठाकठीक. त्या रात्री सेल्फच्या पाठीवर पान्याचे दोन हलके ठोके दिले असते, तरी कदाचित एक वेळ निभावली असती. वडील आरामखुर्चीत बसून पाहत होते. ते म्हणाले, “तो फडताळातला आणा.” फडके सोडले. मिस्त्रीने आस बोटांनी फिरवून पाहिली, मग पकडीने. ती हलेना. समुद्रावरच्या दमट हवेने बुश धरले होते, ग्रीस लाखेसारखे घट्ट झाले होते, आणि एक कार्बन आपल्या खोबणीत चिकटून बसला होता. वडील काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बारा वर्षे मी गंज जपला.”

मग राखीव सेल्फ ठेवावा की नाही? माझे उत्तर असे. ज्या गाडीचे भाग कोणत्याही शहरात मिळतात, तिच्या मालकाने सबंध सेल्फ घरात ठेवणे म्हणजे पैसा कोंडून ठेवणे आहे. ज्याच्याकडे एकाच जातीच्या वीस-पंचवीस गाड्या आहेत, त्याने अवश्य ठेवावा. कारण तेथे एकच राखीव नग सर्वांच्या कामी येतो आणि कधी निजून राहत नाही. ज्या गाड्यांचे उत्पादन थांबले, त्यांच्या मालकांनीही तजवीज करावी. अँबॅसडर २०१४ सालापासून बनत नाही. तिच्यासाठी कार्बनांचे दोन संच, बुश आणि एक सोलेनॉइड मी घरात ठेवतो. हे सारे एका डब्यात मावते.

नव्या गाड्यांना हँडल नाही, आणि ज्यांचे गिअर आपोआप बदलतात त्यांना धक्का मारूनही सुरू करता येत नाही. चौकात थांबताच इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांत सेल्फ त्यासाठी मुद्दाम कितीतरी दणकट बनवितात. पण त्याला उभारी देणारी बॅटरी म्हातारी झाली तर त्या दणकटपणाचा उपयोग नाही. अशा मालकाने राखीव सेल्फचा विचार सोडून बॅटरीचे वय लक्षात ठेवावे, आणि सेल्फ एखाद्या सकाळी जरा मंद बोलला तर त्याच दिवशी गाडी दाखवावी. तो बहुधा सांगून जातो. ऐकणारा मात्र हवा.

फडताळातला तो सेल्फ मिस्त्रीने साफ करून दिला. आता दर खंडेनवमीला, गाडीला झेंडूची माळ घालण्याआधी, मी गाडीतला सेल्फ उतरवून घेतो आणि राखीव बसवितो. उतरविलेला पुसून, तपासून, फडक्यात गुंडाळून त्याच खणात ठेवतो. पुढच्या वर्षी त्याची पाळी. दोघांपैकी मूळचा कोणता आणि राखीव कोणता, हे आता मलाही सांगता येणार नाही.