पायी आलेली लेकरं



आम्ही कड्यात मास्तरकी केली. उशिरा आलेल्या लेकरांना वर्गाबाहेर उभं केलं; किती लांबून आलास, हे कधी विचारलं नाही.

आपल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईबाप वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटर लांब. पोरगं पळत जायचं. तो आमच्या वर्गातला नव्हे. सैन्यात गेला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य, २०२३ ला आशियाई सुवर्ण आणलं.

ते ऐकलं अन् वर्गाबाहेरची आमची लेकरं आठवली. त्यातलाच एक आज हेडमास्तर आहे; या दिंडीत पुढं पताका धरतो. आम्ही मागं पडलो की थांबतो. "गुरुजी, सावकाश या," म्हणतो. उशिराबद्दल अवाक्षर नाही.

माउली, पायी आलेल्याला आधी पाणी द्या, मग विचारा.