वीर्य, विषाणू आणि पुरुषाचा हिशेब

गुप्तरोगाच्या दवाखान्यात बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला एक प्रश्न ओळखीचा असतो. ‘साहेब, माझं तर ऑपरेशन झालंय. मग माझ्याकडून बायकोला एच.आय.व्ही. कसा लागेल?’ विचारणारा अडाणी असतो असं नाही. त्याचा हिशेब त्याच्या परीनं सरळ आहे. वीर्य म्हणजे शुक्राणू, ते नसबंदीनं थांबले, म्हणजे धोकाही थांबला. हा हिशेब चुकतो. कुठे चुकतो हे पाहायचं तर पुरुषाच्या जननसंस्थेत हा विषाणू नेमका कुठे राहतो ते पाहावं लागेल. बोलताना काही शब्द उघडपणे येतील. घरात कुणी ऐकत असेल तर आवाज कमी करू नका.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा फारच थोडा असतो. जवळजवळ दोनतृतीयांश द्रव शुक्राशयांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणांतून येणारा भाग शंभरात दोन ते पाच इतकाच. नसबंदीनंतर वीर्याचं प्रमाण घटल्यासारखं वाटत नाही, त्याचं कारण हेच. चार ओढ्यांचं पाणी एका नदीला मिळतं आणि आपण त्यातला एक लहानसा ओढा अडवतो, असा हा प्रकार. वीर्यातला एच.आय.व्ही. मुख्यतः बाकीच्या ओढ्यांतून येतो. काही विषाणू द्रवात सुटे फिरत असतात, काही वीर्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले असतात. नसबंदी झालेल्या बाधित पुरुषांचं वीर्य तपासलं गेलं आहे, त्यात विषाणू सापडला आहे. नसबंदी मूल थांबवते, विषाणू थांबवत नाही.

मग खुद्द शुक्राणूचं काय? एच.आय.व्ही.ला पेशीत शिरायला तिच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचं प्रथिन लागतं. ते ज्या पेशींवर असतं त्यांत तो घुसतो आणि वाढतो. शुक्राणूला तो बाहेरून चिकटू शकतो, पण त्याच्या आत बस्तान मांडून वाढत नाही. या एका गोष्टीवर इटलीतल्या मिलान शहरात ऑगुस्तो सेम्प्रिनी या डॉक्टरांनी एक उपाय उभा केला. बाधित नवऱ्याचं वीर्य सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, द्रव आणि पांढऱ्या पेशी काढून टाकायच्या, निव्वळ शुक्राणू धुऊन घ्यायचे आणि ते बायकोच्या गर्भाशयात सोडायचे. १९९२ मध्ये त्यांनी हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यक साप्ताहिकात मांडलं, तेव्हा अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा याला विरोध होता. तिथे अशाच प्रकारच्या एका प्रयत्नात एका स्त्रीला लागण झाली होती, तेव्हा विरोध अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण २००७ पर्यंत युरोपातल्या केंद्रांकडे हजाराहून अधिक जोडप्यांचा आणि तीन हजारांवर प्रयत्नांचा अनुभव जमा झाला होता. त्यात एकाही बायकोला लागण झाली नाही.

वीर्यात विषाणू किती उतरतो हे कशावर ठरतं, ते पाहायला आता मलावी. आफ्रिकेतला छोटासा देश, राजधानी लिलाँग्वे. १९९७ मध्ये तिथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक डॉक्टरला पाठ असावा असं मला वाटतं. एच.आय.व्ही. असलेल्या पुरुषांचे दोन गट होते. एका गटाला मूत्रमार्गाचा दाह होता, म्हणजे आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात तो आणि त्याच्या जातीचे आजार. दुसऱ्या गटाला तसं काही नव्हतं. दोन्ही गटांच्या रक्तात विषाणूचं प्रमाण सारखंच होतं. वीर्यात मात्र दाह असलेल्यांकडे ते आठपट होतं. मग त्यांना त्या आजारावरच्या साध्या प्रतिजैविक गोळ्या दिल्या. एच.आय.व्ही.वरचं एकही औषध दिलं नाही, तरी दोन आठवड्यांत वीर्यातला विषाणू उतरू लागला.

याचा अर्थ असा की रक्ताचा रिपोर्ट आणि वीर्याची स्थिती नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. दाह झाला की तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, आणि त्याच पेशी या विषाणूचं घर असतात. दोन-तीन दिवस आग झाली, पू आला, मेडिकलवाल्याकडून कसल्यातरी गोळ्या आणून दाबून टाकलं, हे आपल्याकडच्या पुरुषांचं नेहमीचं वागणं. त्या दिवसांत घरच्या बाईला किती धोका असतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

त्या बाईची गोष्ट पुण्यात नोंदली गेली आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या मंडळींनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्यापलीकडे कुणाला न ओळखणाऱ्या स्त्रियांमध्येही शंभरातल्या साधारण चौदा जणींना एच.आय.व्ही. होता. नवऱ्याला गुप्तरोग असणं ही त्यांच्यातली महत्त्वाची जोखीम निघाली. हा निबंध १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यक नियतकालिकात आला. मलावीचा अभ्यासही त्याच वर्षीचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की पुण्यातल्या त्या चौदा जणींपर्यंत विषाणू कुठल्या वाटेनं आला असेल ते दिसतं. तरीही नवरा गेल्यावर पांढऱ्या पायाची ठरली ती तीच. गरोदरपणात स्त्रीची चाचणी होते, त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट अनेकदा तिचाच येतो, आणि ज्याचा रिपोर्ट पहिला त्याच्यावर बोट रोखलं जातं. चाचणीचा क्रम म्हणजे लागणीचा क्रम नव्हे, एवढं तरी सासरच्यांना सांगायला हवं.

सुंतेबद्दल थोडक्यात. शिश्नाग्रावरच्या कातडीच्या आतल्या बाजूला विषाणूला हव्या त्या पेशी भरपूर असतात. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या तीन चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना लागण होण्याचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पण हे संरक्षण पुरुषाचं. ज्याला आधीच लागण झाली आहे त्याच्या बायकोला त्याचा भरवशाचा उपयोग नाही.

आता औषधांकडे येऊ. वृषणाच्या आत निसर्गानं एक पक्का पडदा घातला आहे. मुलगा वयात आल्यावर शुक्राणू तयार होऊ लागतात. तोवर शरीराच्या संरक्षक दलानं आपलं कोण आणि परकं कोण याची यादी पूर्ण केलेली असते. शुक्राणू या यादीत नसतात, म्हणून त्यांना दलाच्या नजरेआड ठेवायला हा पडदा. अडचण अशी की तो औषधांनाही आडवा येतो. काही औषधं जननमार्गात रक्तापेक्षाही जास्त जमतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडीन, म्हणजे एच.आय.व्ही.वरची औषधं देणाऱ्या आपल्या ए.आर.टी. केंद्रांतल्या रोजच्या गोळीतली दोन औषधं, त्यांतली. काही जुनी औषधं मात्र तिथे जेमतेम पोचायची. त्यामुळे रक्तात विषाणू सापडत नाही, पण वीर्यात अधूनमधून थोडा सापडतो, अशा नोंदी वारंवार झाल्या. शास्त्रज्ञांची झोप उडवायला एवढं पुरे होतं.

या शंकेचं उत्तर प्रयोगशाळेतून नव्हे, जोडप्यांकडून आलं. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून एका अभ्यासात घेतली होती. त्यांत पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढे युरोपात ज्यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे अशांचीच जोडपी पाहिली. निरोधाशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेली लागण एकही नाही. अकरा जणांना लागण झाली खरी, पण विषाणूची जनुकं ताडून पाहिली तेव्हा तो घरातल्या जोडीदाराचा नव्हताच, बाहेरून आलेला होता. वीर्यात क्वचित उरणारे ते अंश लागण करण्याइतके ठरत नाहीत, हे यातून कळलं.

अर्थात यासाठी गोळी रोज घ्यावी लागते आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबल्याचा रिपोर्ट हातात असावा लागतो. औषध सुरू केल्या केल्या हे घडत नाही, सहा महिने तरी धरून चाला. गोळी थांबवली की लपलेला विषाणू पुन्हा डोकं काढतो. दुसरे गुप्तरोग या गोळीनं अडत नाहीत, त्यांसाठी निरोध लागतोच. पण मूल हवं असलेल्या जोडप्याला आज मिलानच्या त्या खटाटोपाची गरज बहुधा पडत नाही. विषाणू नीट दबलेला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती साध्या मार्गानंही आईबाप होऊ शकतात.

ही औषधं सरकारी ए.आर.टी. केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. चाचणीही मोफत होते. २०१७ च्या कायद्यानं तुमचा रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे आणि आजारावरून नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करायला बंदी घातली आहे. काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक लिहून घ्या: १०९७. पुन्हा सांगतो, एक, शून्य, नऊ, सात. फोन फुकट लागतो.